आयसीयूच्या दारात विचारला जाणारा चुकीचा प्रश्न

आत्याची दोन्ही मनगटं पलंगाच्या कठड्याला गॉजच्या पट्टीनं बांधलेली होती. तोंडातली नळी तिनं दोनदा ओढायचा प्रयत्न केला होता, म्हणून. वय ७८. फुप्फुसं जुन्या आजारानं निकामी झालेली, घरी दोन वर्षं ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेली. न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि ती व्हेंटिलेटरवर गेली. बाराव्या दिवशी एक तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "तोंडातून नळी आता जास्त दिवस ठेवता येणार नाही. गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी घालावी लागेल. करायचं का नाही, ते तुम्ही नातेवाइकांनी ठरवा आणि सही करा."

आम्ही पाच जण होतो. काउंटरवर दोऱ्यानं बांधलेलं पेन होतं. काका म्हणाले, "सगळं करा." सगळ्यांच्या देखत "नको" म्हणायची हिंमत आमच्यापैकी कुणातच नव्हती. सही आतेभावानं केली. आत्या त्यानंतर १९ दिवस तशीच होती आणि तशीच गेली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून व्हेंटिलेटर, कोमा किंवा 'इच्छामरणाची' एखादी याचिका बातम्यांत आली की माझ्या ओळखीतल्या लोकांचे तेच प्रश्न सुरू होतात. मशीन काढणं म्हणजे मारणं का? हे ठरवायचा अधिकार कुणाला? कायदा काय म्हणतो? हे सगळं मी माझ्यासाठीच शोधून वाचलं. समजलं ते इथे मांडतो.

## 'इच्छामरण' हा शब्द आधी बाजूला ठेवू

मथळ्यांत हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि अर्धा गोंधळ तिथेच होतो.

पहिली गोष्ट म्हणजे, मरण यावं म्हणून डॉक्टरनं मुद्दाम इंजेक्शन देणं. नेदरलँड्समध्ये २००२ पासून काही कडक अटींवर याला कायद्यानं परवानगी आहे. भारतात नाही. इथे तो गुन्हा आहे, रुग्णानं हात जोडून मागितलं तरी.

दुसरी गोष्ट म्हणजे, ज्या उपचारांचा आता रुग्णाला उपयोग नाही ते सुरूच न करणं किंवा सुरू असतील तर थांबवणं, आणि आजाराला त्याच्या मार्गानं जाऊ देणं. याला भारतात परवानगी आहे. वर्तमानपत्रं याला 'निष्क्रिय इच्छामरण' म्हणतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, २०१८ मध्येच हा शब्द वापरू नये असं सांगितलं, कारण त्यानं उगाच 'मारण्याचा' वास येतो. मीही तो वापरणार नाही. साधं 'उपचार थांबवणं' म्हणू.

## टेकू आणि भिंत

जुन्या घराची भिंत पावसात फुगली, तर गवंडी येईपर्यंत आपण तिला वासा लावून टेकू देतो. टेकू भिंत दुरुस्त करत नाही. दुरुस्ती होईपर्यंत ती पडू नये, एवढंच त्याचं काम.

व्हेंटिलेटर, डायलिसिस, रक्तदाब वर ठेवणारी औषधं हे सगळे टेकू आहेत. बाळंतपणात रक्तस्राव झालेली तरुण बाई, साप चावलेला शेतकरी, डेंग्यूनं खालावलेलं पोर यांच्या बाबतीत टेकूच्या आड दुरुस्ती चालू असते. चार-आठ दिवसांत शरीर सावरतं आणि टेकू निघतो. अशा माणसाला व्हेंटिलेटर नाकारणं हा घोर अन्याय आहे. "व्हेंटिलेटरवर गेला म्हणजे संपलं" हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे, आणि तो धोकादायकही आहे.

आत्याची गोष्ट निराळी होती. न्यूमोनिया बरा झाला असता, तरी मुळातली निकामी फुप्फुसं तीच राहणार होती. भिंतीचा पायाच खचला होता. तिथे टेकू आणखी किती दिवस ठेवायचा, आणि त्या काळात आतल्या माणसाचं काय होतंय, हा खरा प्रश्न होता.

भिंत कुठल्या प्रकारची आहे हे पहिल्या दिवशी दरवेळी कळत नाही, डॉक्टरांनाही नाही. म्हणून अतिदक्षता विभागातले जाणते डॉक्टर मुदत ठरवून प्रयत्न करतात. "पाच दिवस पूर्ण ताकदीनं करू. लघवी सुरू होते का, रक्तदाबाचं औषध कमी करता येतं का, शुद्ध येते का, हे पाहू. सहाव्या दिवशी परत बसून बोलू." आमच्याशी पहिल्या दिवशी कुणी असं बोललं असतं, तर बाराव्या दिवशीचं ते पेन इतकं जड झालं नसतं.

## डॉक्टर हे कशाच्या आधारे ठरवतात?

वैद्यकीय नीतिशास्त्रात चार कसोट्या सांगतात. रुग्णाचं भलं व्हावं, त्याला अपाय होऊ नये, त्याच्या मर्जीला मान असावा, आणि सगळ्यांना न्यायानं वागवावं. वाचायला सोप्या आहेत. आयसीयूत मात्र त्या एकमेकींशी भांडतात.

अपायाचंच घ्या. हृदय थांबलं की छाती दाबतात. सिनेमात ते दोन-तीन हलक्या धक्क्यांत आटोपतं. खरं करताना छाती सुमारे दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावी लागते. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या त्यात पुष्कळदा मोडतात. पन्नाशीच्या माणसाला अचानक झटका आला असेल, तर मोडलेली बरगडी ही किरकोळ किंमत आहे, जीव वाचू शकतो. शरीरभर पसरलेल्या कर्करोगाच्या शेवटच्या दिवशी तेच केलं, तर हाती फक्त मोडलेल्या बरगड्या उरतात. म्हणून आयसीएमआरनं २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: अशा रुग्णाचं हृदय थांबल्यास छाती दाबायची नाही, हा निर्णय डॉक्टरांनी रुग्णाशी किंवा घरच्यांशी आधी बोलून, कागदावर लिहून ठेवावा. हा निर्णय छाती दाबण्यापुरताच असतो. सलाइन, अँटिबायोटिक, वेदनेचं औषध हे सगळं चालू राहतं.

न्यायाची कसोटी २०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपण सगळ्यांनी बेड शोधत फिरताना पाहिली आहे. तिच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. या लेखात महत्त्वाची कसोटी मर्जीची आहे, कारण आमचं तिथेच चुकलं.

## आपण निरोप्ये, मालक नाही

शुद्धीवर असलेला, समज असलेला प्रौढ माणूस कुठलाही उपचार नाकारू शकतो. त्यानं जीव जाणार असेल तरीही. त्यासाठी कुठल्याही बोर्डाची किंवा कोर्टाची गरज नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर विनोबांनी पवनारच्या आश्रमात अन्न आणि औषध नाकारलं. सगळ्या देशाचं लक्ष तिकडे होतं, इंदिरा गांधी भेटून गेल्या. १५ नोव्हेंबरला विनोबा गेले. "हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे" म्हणणाऱ्यांना मी नेहमी पवनारची आठवण करून देतो.

अडचण येते ती माणूस बोलू शकत नसतो तेव्हा. मग आपल्याकडे प्रश्न नातेवाइकांकडे वळतो, आणि तो चुकीच्या शब्दांत विचारला जातो: "तुम्हाला काय करायचंय?"

समजा गावाकडचे आजोबा तालुक्याच्या बँकेत येऊ शकत नाहीत आणि निरोप घेऊन तुम्ही जाता. कारकुनानं तुम्हाला विचारायचं असतं, आजोबांनी काय सांगितलंय? "या पैशाचं तुम्हाला काय करावंसं वाटतं?" असं त्यानं विचारलं, तर तुम्ही गोंधळाल. पैसे तुमचे नाहीतच. आयसीयूच्या दारात आपण असेच निरोप्ये असतो. शरीर आपलं नसतं. "त्या आत्ता उठून बसल्या, त्यांना सगळं समजावलं, तर त्या काय म्हणतील?" असं आम्हाला विचारायला हवं होतं.

आणि याचं उत्तर आमच्याकडे होतं. वर्षभर आधी शेजारच्या काकूंना दवाखान्यात बघून आल्यावर मटार सोलता सोलता आत्या म्हणाली होती, "त्या नळ्यांच्या खोलीत मला नका रे ठेवू. श्वास कोंडला तर कोंडला, माझ्या खिडकीपाशी कोंडू दे." आम्ही तिघांनी ते ऐकलं होतं. बाराव्या दिवशी तिघंही तिथे उभे होतो. कुणी विचारलं नाही म्हणून आम्ही बोललो नाही. असं बोलणं धरतात हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

प्रश्न असा विचारला की डोक्यावरचं ओझंही हलकं होतं. "आईला मी मारलं का?" या विचारानं वर्षानुवर्षं जळणारी मुलं मी पाहिली आहेत. आईचा निरोप पोचवला असं ज्याला म्हणता येतं, त्याचं दुःख वेगळं असतं.

## परळचा तो वॉर्ड

या विषयातला भारताचा कायदा मुंबईच्या एका वॉर्डात सुरू झाला. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्यानं हल्ला केला. गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळल्यानं मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्या पुढची जवळपास ४२ वर्षं त्याच रुग्णालयात होत्या. डोळे उघडत, आवाज करत, पण जाणीव जवळजवळ हरवलेली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं त्यांचं निधन झालं.

पत्रकार पिंकी विराणी यांनी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला: अरुणांचं अन्न थांबवावं. केईएमच्या परिचारिकांनी ठाम विरोध केला. एकीमागून एक पिढ्यांनी त्यांना भरवलं होतं, पुसलं होतं, कूस बदलून दिली होती, अंगाला जखम होऊ दिली नव्हती. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयानं अर्ज फेटाळला आणि सांगितलं की अरुणांच्या वतीनं बोलण्याचा हक्क त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या माणसांचा आहे. त्याच निकालात उपचार थांबवण्याला मात्र तत्त्वतः मान्यता मिळाली, उच्च न्यायालयाच्या परवानगीच्या अटीवर.

या प्रकरणात मला कुणीच खलनायक दिसत नाही. विराणींना त्या देहातली यातना दिसत होती आणि परिचारिकांना त्यांचं माणूस. स्वतः अरुणांना काय हवं होतं, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. पंचविशीतल्या मुलीला असं कोण विचारून ठेवतं?

## आज कायदा काय सांगतो?

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठानं 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला: सन्मानानं मरण येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. शुद्धीत असताना पुढच्यासाठी लिहून ठेवायलाही मान्यता मिळाली. याला मी 'वैद्यकीय इच्छापत्र' म्हणतो. आपलं नेहमीचं मृत्युपत्र मेल्यानंतर लागू होतं, हे त्याआधी.

पण २०१८ ची पद्धत इतकी किचकट होती की जवळजवळ कुणी तिच्या वाटेला गेलं नाही. कागदावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानं ती सोपी केली. आता असं आहे:

रुग्ण बरा होण्याची आशा नाही, उपचार लांबलेत आणि तो स्वतः ठरवू शकत नाही, असं असेल तर रुग्णालय तीन डॉक्टरांचं पहिलं मंडळ नेमतं. त्यात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. ते अनुकूल असेल, तर दुसरं मंडळ बसतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. पहिल्या मंडळातलं कुणीही दुसऱ्यात नसतं. इच्छापत्रात नेमलेल्या माणसांची, ते नसेल तर जवळच्या नातेवाइकांची, लेखी संमती लागते. उपचार थांबवण्याआधी रुग्णालयानं न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. मंडळांनी नकार दिला, तर उच्च न्यायालयाचं दार उघडं आहे.

## "म्हणजे इस्टेटीवर डोळा असलेल्यांना मोकळं रान?"

ही शंका सगळ्यात आधी येते आणि ती रास्त आहे. आपण सगळे भाऊबंदकीच्या गावांतलेच. पण वरची पद्धत पुन्हा वाचा. नातेवाइकाला एकट्यानं काही करता येत नाही. आधी सहा डॉक्टरांना, तेही दोन वेगळ्या मंडळांतल्या, बरं होण्याची आशा नाही असं म्हणावं लागतं. इस्टेटीसाठी घाई झालेल्या माणसाला आजच्या बिनकागदी कारभारातच जास्त वाव आहे, हे माझं स्पष्ट मत आहे. तिथे कुणीच कुणाला विचारत नाही.

## "सुरू न करणं वेगळं, पण लावलेलं काढणं म्हणजे मारणंच ना?"

मनाला तसं वाटतं खरं. काढताना हात आपला दिसतो. नीतिशास्त्र आणि आपलं न्यायालय दोन्ही यात फरक करत नाहीत. माणूस आजारानं जातो, उपचार त्या आजाराला आता अडवू शकत नसतात.

उलट हा फरक मानला तर मोठं नुकसान होतं. "एकदा लावलं की काढता येणार नाही" असं ठरलं, तर घाबरलेलं कुटुंब लावूच देणार नाही, आणि ज्याची भिंत दुरुस्त होणार होती तोही जाईल. टेकू काढता येतो, हे माहीत असलं की तो बिनधास्त लावता येतो.

## "उपचार थांबवले म्हणजे वाऱ्यावर सोडलं?"

सोडायचं नसतंच. रोग हटवण्याचे उपचार थांबतात, तेव्हा त्रास हटवण्याचे उपचार वाढवायचे असतात. याला पॅलिएटिव्ह केअर किंवा परिहार सेवा म्हणतात: वेदना, धाप, कोरडं तोंड, घाबरणं, घरच्यांचं रडणं, सगळ्याची काळजी. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांसाठी हे काम करतं, मुंबईत टाटा रुग्णालयाचा स्वतंत्र विभाग आहे.

यातलं मोठं हत्यार म्हणजे मॉर्फिन. त्याचं नाव काढलं की घरचे दचकतात. "त्यानं लवकर जाईल ना?" जाणकार डॉक्टरनं धाप किंवा वेदना मोजून, थोडं थोडं वाढवत दिलेल्या मॉर्फिननं मरण ओढवत नाही. श्वासासाठीची झटापट कमी होते. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती करून रुग्णालयांसाठी मॉर्फिनच्या परवान्यांची कटकट कमी केली. तरी जिल्ह्याच्या गावात ते सहज मिळत नाही, ही आजचीच स्थिती आहे.

## पैशाचं काय?

यावर गप्प राहून हा लेख पुरा होणार नाही. मंडळं, संमती, परिहार सेवा हे सगळं ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी आहे. बाकीच्यांसाठी एक वेगळाच शब्द आहे. रुग्णालयात काम करणाऱ्या कुणालाही विचारा: 'डामा'. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेणं.

शेत गहाण पडलेलं असतं, बिल वाढत असतं. कुणीतरी हळूच सुचवतं, "आता घरी नेलेलं बरं." पुष्कळदा हे डॉक्टरच सुचवतात. मग फॉर्मवर सही होते की आम्ही सल्ला झुगारून, आमच्या जबाबदारीवर नेत आहोत. नळी काढतात, ॲम्ब्युलन्समध्ये घालतात, आणि माणूस गावच्या वाटेवर किंवा ओसरीवर धापा टाकत जातो. सोबत मॉर्फिनची एक गोळी नसते, फोन करायला नंबर नसतो. उरते ती त्या फॉर्मवरची सही, जी जन्मभर सांगत राहते की दोष तुमचा होता.

ज्याचा निर्णय वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होता, त्याच्याकडूनही 'सल्ल्याविरुद्ध' लिहून घेणं मला क्रूर वाटतं. आणि ज्याची भिंत दुरुस्त होणारी होती, त्याला पैशासाठी घरी न्यावं लागणं याला उपचार थांबवणं म्हणताच येत नाही. ती उपचारांची नाकेबंदी आहे. या दोन माणसांना आज एकच फॉर्म मिळतो. तो फॉर्म बदलायला नवा कायदा लागत नाही. डॉक्टरांनी खरं काय ठरलं ते लिहायचं, आणि सोबत त्रास कमी करणारी औषधं द्यायची.

## कागद कसा करायचा?

वय १८ पूर्ण असलं आणि मन ठिकाणावर असलं की वैद्यकीय इच्छापत्र कुणीही करू शकतं. कोणत्या परिस्थितीत कोणते उपचार नकोत हे स्पष्ट लिहायचं. आपल्या वतीनं बोलणाऱ्या एका किंवा जास्त माणसांची नावं घालायची. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. एक प्रत नेमलेल्या माणसांना, एक फॅमिली डॉक्टरला, आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मुंबईत असा अधिकारीच नव्हता. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात धाव घेतल्यानंतर महापालिकेनं नेमणुका केल्या. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचंच इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. आणि मन बदललं तर कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो.

वकिलाकडे जायच्या आधी घरात बोलावं लागतं. ते जास्त अवघड आहे. आईपाशी मी दोन दिवाळ्या हा विषय काढू शकलो नाही. "अभद्र बोलू नकोस" म्हणेल अशी भीती होती. शेवटी आत्याच्या श्राद्धाच्या दुपारी, पानं उचलल्यावर, तिला आत्याच्या बांधलेल्या मनगटांबद्दल सांगितलं. तिला ते माहीतच नव्हतं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, वही आण. तिनं सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहिलं: "बरी होणार असेन तर आठ दिवस मशीन चालेल. माणसं ओळखू आली नाहीत तर पुढे नको. गळ्याला छिद्र नको. हात बांधायचे नाहीत. विचारायचं असेल तर धाकटीला विचारा, थोरला रडतो." आणि वही मिटणार तोच म्हणाली, "गुडघ्याचं ऑपरेशन मात्र करायचंय मला. तेही लिही."